उन्हाळ्याच्या सुट्टीत मनपातलं काम आणि जत्रेतली रोजंदारी: मराठवाड्यातल्या नव्या पोरापोरींसाठी

महापालिकेत ‘उन्हाळी नोकरी’ नावाची खिडकी नसते. हे आधीच सांगून टाकतो, कारण मार्च-एप्रिल आला की फोन सुरू होतात: “दादा, मनपात सुट्टीपुरतं काम निघालंय म्हणे, फॉर्म कुठं भरायचा?” न्यूयॉर्कमध्ये तसं खरंच आहे. तिथलं शहर प्रशासन १४ ते २४ वयाच्या मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे काम लावून देतं आणि त्याचे पैसेही देतं. त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही असं काही असेल असं पोरांना वाटतं. आपल्याकडे काम आहे, पण विखुरलेलं आहे. थोडं राज्य सरकारच्या योजनेत, थोडं ग्रामपंचायतीत, थोडं विद्यापीठात आणि चैत्र-वैशाखात जत्रांमध्ये.

मी मराठवाड्यातल्या एका महापालिकेच्या कर विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून बसलोय आणि त्याआधी जत्रेत पार्किंगच्या पावत्या फाडल्यात. माझं मत विचाराल तर काम मिळवण्यापेक्षा केलेल्या कामाचे पैसे खात्यात पाडून घेणं जास्त जिकिरीचं आहे. म्हणून या लेखात कामापेक्षा कागदांवरच जास्त लिहिलंय. कंटाळा आला तरी वाचा.

१. आधी आपली रांग ओळखा

वय १८ पेक्षा कमी असेल तर सरकारी योजनांची दारं बंद आहेत. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं १९८६ च्या कायद्यानं आणि त्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं गुन्हा आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत केली, तर ती चालते. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचं काम देता येत नाही. वीटभट्टी, फटाके किंवा मोठ्या मशीनवरचं काम कुणी देत असेल तर सरळ नाही म्हणा. दहावी झालेल्यांनी या सुट्टीत कागदपत्रं करून घ्यावीत आणि जत्रेत स्वयंसेवक म्हणून उभं राहावं. अकरावीच्या प्रवेशाला तेच कागद लागतात, त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघताय? मग कागदोपत्री तुम्ही अजून दहावी पासच आहात. बारावीचा निकाल साधारण मे महिन्यात लागतो. त्याआधी ‘बारावी पास’ची अट असलेल्या ठिकाणी अर्ज करून उपयोग नाही. हा काळ जत्रा, लग्नसराई आणि कागदपत्रांचा.

आणि ज्यांचं शिक्षण पूर्ण झालंय किंवा काही कारणानं थांबलंय, त्यांच्यासाठी महापालिकेचं दार उघडतं ते मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून. त्याबद्दल पुढे सविस्तर येतं.

२. पिशवीत काय काय हवं

एक प्लास्टिकची बटणवाली फाईल घ्या आणि तिच्यात हे ठेवा:

– आधार कार्ड, ज्यावर सध्या वापरात असलेला मोबाईल नंबर जोडलेला आहे
– दहावी-बारावीचं गुणपत्रक, आयटीआय किंवा पदवी असेल तर तेही
– शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे टीसी
– वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘डोमिसाईल’ म्हणतात
– बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
– पासपोर्ट फोटो, निदान आठ
– प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स, स्वतःची सही केलेल्या

डोमिसाईल एप्रिलमध्येच काढा. सेवा हमी कायद्यात त्याला १५ दिवसांची मुदत आहे. पण मे-जूनमध्ये निकाल लागले की सेतू केंद्रात उत्पन्न, जात, नॉन क्रिमीलेयर सगळ्यांची एकदम झुंबड उडते आणि सर्व्हर बसतो. ‘आपले सरकार’ केंद्रात दरफलक भिंतीवर लावलेला असतो. त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. पावती म्हटलं की आकडा बऱ्याचदा आपोआप खाली येतो.

नावाचं मात्र बारीक बघा. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेक वेळा स्वतःचं नाव आधी. त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते स्पेलिंगमुळे. एकीकडे ‘ज्ञानेश्वर’ डी-एन-वाय-ए नं सुरू होतो, दुसरीकडे जी-वाय-ए नं, आणि अर्ज अडकतो. अशा वेळी आधार दुरुस्त करा. गुणपत्रक दुरुस्त करणं म्हणजे शाळा आणि विभागीय मंडळ अशा दोन दारांच्या चकरा आहेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, आणि कुटुंब गावी परतलं की पहिल्या आठवड्यातच आधारचा मोबाईल नंबर तपासा. सहा महिन्यांत सिम बंद पडलेलं असतं, आणि ओटीपी त्याच बंद नंबरावर जात राहतो. नंबर बदलायचा तर आधार केंद्रात स्वतः गेलेलं बरं.

३. खातं ‘आधार लिंक’ आहे म्हणजे नक्की कोणतं?

इथं बहुतेकांचे पैसे अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

सरकारी पैसे डीबीटीनं म्हणजे थेट बँक खात्यात येतात. तुम्ही अर्जात जो खाते क्रमांक लिहिला त्यातच ते येतील असं नाही. ज्या बँकेला तुमचा आधार क्रमांक शेवटचा ‘सीड’ झालेला आहे, त्या बँकेत ते जातात. आता होतं काय, की तुम्ही कधीतरी बसस्टँडजवळ छत्रीखाली बसलेल्या माणसाकडून सिम घेतलेलं असतं. त्यानं अंगठा घेतला, ओटीपी विचारला आणि कुठल्या तरी पेमेंट बँकेचं खातंही उघडून टाकलं. त्या खात्याचं पासबुक नाही, कार्ड नाही, तुम्हाला ते माहीतही नाही. आणि विद्यावेतन दर महिन्याला तिकडं जमा होतंय! कार्यालयात विचारलं तर म्हणतात, “आमच्याकडून पैसे गेलेत.” ते खोटं बोलत नसतात.

तपासायचं कसं? आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन लॉगिन करा आणि ‘बँक सीडिंग स्थिती’ बघा. तिथं बँकेचं नाव दिसतं. ते तुमच्या पासबुकवालं असेल तर निश्चिंत व्हा. नसेल तर आपल्या बँकेत जा, ‘आधार सीडिंग’चा फॉर्म मागा आणि त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहून बदल मागा. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नका. कर्मचारी केवायसीसाठी आधार जोडून मोकळा होतो आणि सीडिंग तसंच राहतं. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चार-पाच दिवसांनी संकेतस्थळावर पुन्हा बघा आणि नाव बदललेलं दिसलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

खातं फार दिवस वापरलं नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं. शिष्यवृत्तीसाठी शाळेत उघडलेल्या शून्य शिल्लक खात्यांचं हमखास असं होतं. केवायसी करा, शंभर रुपये भरा, शंभर काढा.

४. महास्वयमवर नोंदणी आणि युवा कार्य प्रशिक्षण

राज्य सरकारच्या ‘महास्वयम’ पोर्टलवर रोजगारासाठी नोंदणी करा. ती फुकट आहे. नोंदणी झाली की एक क्रमांक मिळतो, तो फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पासवर्डही लिहा, कारण सेवा केंद्रवाल्यानं ठेवलेला पासवर्ड फक्त त्यालाच माहीत असतो आणि मग प्रत्येक छोट्या कामाला त्याच्याकडे जावं लागतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ च्या जुलैमध्ये सुरू झाली. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ मध्ये झालेली जालना अशा पाच महापालिका आहेत. बाकी ठिकाणी नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, तहसील, ग्रामपंचायती अशी कार्यालयं आहेत. या सगळ्यांना योजनेत प्रशिक्षणार्थी घेता येतात. खासगी कारखानेही घेतात. अटी थोडक्यात अशा:

– वय १८ ते ३५, महाराष्ट्राचे अधिवासी
– बारावी पासला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवी आणि पदव्युत्तरला १०,०००
– शिक्षण चालू असलेला उमेदवार पात्र नाही
– एका उमेदवाराला लाभ एकदाच

मुदत सुरुवातीला सहा महिने होती, २०२५ मध्ये ती वाढवून अकरा महिने करण्यात आली. म्हणजे हे ‘दोन महिने सुट्टीत केलं आणि जूनमध्ये कॉलेजला गेलो’ असलं काम नाही. तिसरी अट पुन्हा वाचा. बारावी होऊन जूनमध्ये बी.ए.ला प्रवेश घ्यायचाच असेल तर एकदाच मिळणारा हा लाभ दोन महिन्यांसाठी जाळू नका. पदवी झाल्यावर तेच काम १०,००० रुपयांवर मिळतं. उलट एक वर्ष थांबून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा असेल, घरी पैशाची ओढ असेल, तर ही योजना बरी आहे.

आणखी एक गैरसमज. ही नोकरी नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, किमान वेतन नाही, कायम होण्याचा हक्क नाही. कायम करा म्हणून राज्यभरातल्या प्रशिक्षणार्थ्यांनी आंदोलनं केली, ती बातमी तुम्हीही वाचली असेल. त्यांची मागणी चूक की बरोबर यावर माझं काही वेगळं मत आहे, पण आत जाताना योजनेच्या कागदावर काय छापलंय ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

५. कार्यालयात प्रत्यक्ष जा

पोर्टलवर अर्ज टाकून घरी बसलात तर बसूनच राहाल. जागा पोर्टलवर दिसतात, पण त्या भरल्या जातात कार्यालयातल्या यादीवरून. पहिली चक्कर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राची. जुने लोक त्याला अजून ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’च म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. तिथं विचारा की कोणत्या आस्थापनांनी, म्हणजे कार्यालयांनी किंवा कारखान्यांनी, मागणी नोंदवली आहे. त्यातली आपल्याला जमणारी दोन-तीन निवडा.

दुसरी चक्कर त्या आस्थापनेत. महापालिकेत सामान्य प्रशासन किंवा आस्थापना विभाग विचारा. सोमवारी सकाळी जाऊ नका, सगळे बैठकीत असतात. मंगळवार ते गुरुवार, साडेअकराच्या सुमारास बरं पडतं. हातात अर्ज न्या. अर्ज साधाच असावा:

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका, (शहराचं नाव)

विषय: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेअंतर्गत प्रशिक्षणार्थी म्हणून संधी मिळणेबाबत.

महोदय, मी वरील योजनेसाठी महास्वयम पोर्टलवर नोंदणी केलेली असून माझा नोंदणी क्रमांक … असा आहे. माझे शिक्षण … झाले असून मला संगणकावर मराठी टंकलेखन येते. आपल्या कार्यालयात रिक्त प्रशिक्षणार्थी जागेवर माझा विचार व्हावा, ही विनंती.

सोबत: आधार, गुणपत्रक, अधिवास प्रमाणपत्र यांच्या प्रती.

येत नसेल ते लिहू नका. पण मराठी टायपिंग येत असेल तर जरूर लिहा, कारण कर, जन्म-मृत्यू नोंद, पाणीपट्टी अशा प्रत्येक टेबलावर त्याची गरज असते. युनिकोडमध्ये टाईप करणारं पोरगं दिसलं की विभागप्रमुख स्वतःहून मागून घेतात.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक-जावकच्या टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. याला ‘पोच’ म्हणतात. “ठेवा इथं, बघू” असं कुणी म्हटलं तर हसून म्हणायचं, “साहेब, तेवढी पोच द्या.” पोच नसेल तर पुढच्या वेळी तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असं होतं.

६. रुजू झाल्यावर

पहिल्याच दिवशी रुजू अहवाल लिहून द्या आणि त्याचीही पोच घ्या. तुमचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. ‘आधी चार दिवस बसून बघ, मग रुजू करून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर ते चार दिवस फुकटात गेले असं समजा.

हजेरी हा या सगळ्याचा कणा आहे. महिन्यात १० किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहिलात तर त्या महिन्याचं विद्यावेतन मिळत नाही. ते कापलं जात नाही, अख्खंच जातं. मे महिन्यात मामाच्या गावी लग्न, मग देवदर्शन, मग गोंधळ असं करत दहा दिवस कसे भरतात ते कळतही नाही. आणि कार्यालय हजेरीची नोंद वर पाठवेल तेव्हाच पैसे निघतात. ते काम ज्या लिपिकाकडे आहे त्याचं नाव पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत “भाऊ, आमची हजेरी गेली का?” एवढं विचारायचं. दादागिरी नको आणि लाजायचंही नाही.

आमच्या विभागात दोन महिन्यांचे पैसे रखडले तेव्हा ज्या मुलीनं आपल्या वहीत रोजची तारीख, आल्याची वेळ, दिलेलं काम आणि शेजारच्या टेबलावरच्या काकूंची सही असं लिहून ठेवलं होतं, तिचा प्रश्न सगळ्यात आधी सुटला. साधी दोनशे पानी वही होती. बाकीच्यांची हजेरी जुळवायला लोक रजिस्टर शोधत बसले होते.

पैसे उशिरा येतात हे धरूनच चला. पहिले दोन महिने स्वतःच्या खिशातून पेट्रोल किंवा एसटीचा पास निघेल अशी तजवीज ठेवा. शहरात खोली करून राहणार असाल तर आधी हिशोब मांडा: ६,००० मध्ये खोली, मेस आणि प्रवास बसत नाही. गावातली ग्रामपंचायत किंवा तालुक्याचं कार्यालय जास्त परवडतं.

मुलींसाठी: दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावी लागते, आणि प्रशिक्षणार्थीही त्यात येतात. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली असायला हवीत. नसतील तर विचारा. विचारलं याचीच दखल घेतली जाते.

७. गावातच राहणार असाल तर

रोजगार हमी हा शब्द आपल्या आजोबांना १९७२ च्या दुष्काळापासून माहीत आहे. खडी फोडून पोट भरलेली ती पिढी. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशाचा कायदा पुढे २००५ मध्ये आला. अठरा पूर्ण झाले असतील तर घरच्या जॉबकार्डात आपलं नाव घालून घ्या. कामाची मागणी तोंडी करू नका. ग्रामरोजगार सेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि तारखेची पावती घ्या. मागणीपासून १५ दिवसांत काम द्यायचं असतं आणि नाही दिलं तर बेकारी भत्ता. पावती नसेल तर हे १५ दिवस कधी सुरू झाले तेच सिद्ध होत नाही.

शिकलेल्या पोरांना हे काम कमीपणाचं वाटतं. वाटो. उन्हाळ्यात शेततळ्याच्या कामावर मिळालेली मजुरी कॉलेजच्या फीला तेवढीच उपयोगी पडते.

८. कॉलेज चालू असेल तर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्हीकडे ‘कमवा व शिका’ योजना आहे. काम ग्रंथालय, कार्यालय, बाग असं असतं आणि पैसे तासावर मिळतात. अर्ज विद्यार्थी विकास विभागाकडे करायचा. आयटीआय झालेल्यांनी एसटीच्या विभागीय कार्यशाळा आणि महावितरणच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती बघत राहाव्यात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचं ते प्रशिक्षण, त्यामुळे प्रमाणपत्राला पुढे चांगली किंमत येते.

९. जत्रा, जयंत्या आणि उरूस

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. चैत्र महिना म्हणजे मराठवाड्यात रोजंदारीचा हंगाम. चैत्र पौर्णिमेला खुलताबादच्या भद्रा मारुतीला हनुमान जयंती असते. आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून पंचवीसेक किलोमीटर लोक पायी निघतात. त्याच पौर्णिमेच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, भाविक चुन्याचे खडे वेचतात. तुळजापुरातही गर्दी असते. म्हणजे एका वेळी एकच ठिकाण होतं, ते आधी ठरवा. १४ एप्रिलची जयंती तारखेवर असते आणि जत्रा तिथीवर, त्यामुळे कधी कधी दोन्ही लागून येतात. २०२५ मध्ये हनुमान जयंती १२ एप्रिलला होती.

पहिली गोष्ट स्पष्ट करून घ्या: ही सेवा आहे की रोजंदारी? खुलताबादच्या रस्त्यावर पाणी, चहा, फराळ वाटणारी मंडळं सेवेवर चालतात, तिथं पैसे मागायचे नाहीत. जयंतीला भोजनदान करणाऱ्या मंडळाचंही तेच. पण त्याच जयंतीत मंडप बांधणारा, लायटिंगवाला, साउंडवाला यांच्याकडे केलेलं काम मजुरीचं आहे. सेवा समजून गेलो आणि रात्रभर ट्रस चढवले, असं होऊ देऊ नका.

रोजंदारी देणारे साधारण तीन प्रकारचे. देवस्थानाचा ट्रस्ट रांग, प्रसाद, चप्पल स्टँड या कामांना माणसं घेतो. वाहनतळ आणि जागावसुलीचा ठेका घेतलेला ठेकेदार पावती फाडायला, गाड्या लावायला घेतो. आणि पाळणेवाले, रसवंतीवाले, खेळण्यांची दुकानं. ट्रस्ट कमी देतो पण देतो. ठेकेदार जास्त कबूल करतो, पण तिसऱ्या दिवशी सापडत नाही. दुकानदारांचं माणसागणिक वेगळं असतं.

किमान तीन आठवडे आधी जा. यात्रा समितीची बैठक ग्रामपंचायतीत किंवा देवस्थानाच्या कार्यालयात होते, त्या दिवशी बाहेर उभं राहिलं तरी काम कुणाकडे आहे ते कळतं. मग मालकाला हे विचारा:

– रोज किती, आणि पाळी किती तासांची?
– रात्रपाळीचे वेगळे का?
– जेवण, चहा, पाणी कुणाचं?
– पैसे रोजच्या रोज की शेवटी?
– रात्री उशिरा सुटलो तर गावी परतायची सोय काय?

‘रोजच्या रोज’ यावर अडून राहा. जत्रा पांगली की पाळणे सुटतात, तंबू गुंडाळले जातात, ट्रक भरला की मालक पुढच्या जत्रेच्या गावी. मग कुणाला पकडणार? आणि उचल घेऊ नका. पाचशे रुपये आधी हातात आले की बोलायचं तोंड जातं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

पावतीचं काम घेतलं तर सुरू करताना पावतीपुस्तकाचा पहिला क्रमांक आणि सोडताना शेवटचा क्रमांक मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सुट्टे पैसे वेगळ्या खिशात. पुस्तकाच्या अधूनमधून पावती गहाळ असेल तर ती सुरुवातीलाच दाखवा, नाहीतर रात्री हिशोबात ती तुमच्या अंगावर येते. मोटारसायकलचे दहा रुपये द्यायला नकार देणारा ‘मी इथलाच आहे’ म्हणणारा माणूस दर अर्ध्या तासाला भेटेल. त्याच्याशी वाद घालू नका, ठेकेदाराच्या माणसाकडे पाठवा.

लग्नसराईतलं वाढप्याचं काम याच जातीचं आहे. फक्त तिथं चप्पल चांगली हवी, दिवसभर उभं राहावं लागतं.

१०. ऊन

परभणीचं ऊन माहीत असलेल्याला वेगळं सांगायला नको, पण शहरात वाढलेली पोरं पहिल्या दिवशी टोपी न घालता येतात. घरोघरी करबिलं वाटायची असतील तर सकाळी साडेसातला सुरुवात करा आणि अकराला थांबा. उरलेली पाचनंतर. पांढरा रुमाल डोक्याला आणि मानेला, बाटलीत मीठ-साखरेचं पाणी, दुपारी ताक. घाम येणं बंद झालं, डोकं जड झालं, बोलणं अडखळलं की काम तिथंच सोडून सावलीत जा. सोबतच्या कुणाला असं झालं तर कपडे सैल करा, अंगावर ओलं फडकं फिरवा आणि १०८ ला फोन लावा.

११. फसवणारे

“मनपात चिकटवतो, वीस हजार दे.” या वाक्यात एकही शब्द खरा नसतो. प्रशिक्षणाला पैसे लागत नाहीत आणि कुणी नगरसेवकाचा माणूस म्हणून आला तरी लागत नाहीत. मूळ गुणपत्रक कुणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. एजन्सीमार्फत कंत्राटी काम मिळत असेल तर नियुक्तीचा कागद, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि पगाराची तारीख लेखी मागा. ‘ड्रेसचे आणि आयकार्डचे’ म्हणून आधी पैसे मागणारी एजन्सी सोडून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर आधार टाकलंत आणि पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीतच पैसे अडवता येतात.

१२. प्रमाणपत्र घेऊनच बाहेर पडा

योजनेच्या शेवटी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळतं. प्रशिक्षण संपण्याच्या महिनाभर आधीपासून ते मागायला लागा, कारण सही करणारे साहेब मे-जूनमध्ये बदलीवर जातात. नवीन साहेब “मी तुला ओळखत नाही” म्हणाले तर त्यांचंही चुकत नाही. त्यावर रुजू तारीख, शेवटची तारीख, विभागाचं नाव आणि काय काम केलं हे चारही असावं. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर भागवू नका. ‘मालमत्ता कर नोंदींचे संगणकीकरण’ असं लिहून मागा.

जत्रेत सेवा केली असेल तर यात्रा समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर चार ओळी घ्या. राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारा की हे तास धरले जातील का. तिथं वर्षाला १२० तास भरावे लागतात, आणि भद्रा मारुतीच्या रस्त्यावर एक रात्र पाणी वाटलं तर त्यातले आठ-दहा सहज निघतात. मात्र परवानगी आधी घेतलेली हवी. नंतर फोटो दाखवून तास मिळत नाहीत.